आजीच्या डब्यासाठी

॥ श्री ॥

रोस्किल्ड, डेन्मार्क
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आजी, ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

एक दिवसाआड फोनवर तोंड दिसतं, मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. हे पत्र आजीच्या जुन्या पत्रांच्या डब्यासाठी आहे. आजी, मागे तू म्हणालीस, "आता कोणी लिहीतच नाही, नाहीतर त्या डब्यात तुझं एखादं तरी ठेवलं असतं." ते मनात राहिलं होतं. आणि आता घाई करायला हवी, कारण इथलं सरकारी टपाल या वर्षअखेरीस पत्रं वाटणं कायमचं बंद करतंय. पुढे एक खाजगी कंपनी ते काम करणार आहे म्हणतात. पण १६२४ सालापासून चाललेलं टपाल बंद होणं म्हणजे काय! ज्या राजाने ते सुरू केलं, चौथा क्रिस्तियान, त्याची समाधी आमच्या गावच्याच मोठ्या चर्चमध्ये आहे. रस्त्यांवरच्या लाल पेट्या जूनपासून काढायला घेतल्या. आमच्या कोपऱ्यावरची गेली त्या दिवशी भिंतीवर नुसता फिकट चौकोन आणि चार भोकं उरली होती. मी सायकल थांबवून बघत राहिले. आजी, आपल्या बडोद्यात दांडिया बाजारच्या पेटीत तू मला कडेवर उचलून पत्र टाकायला लावायचीस, ते आठवलं.

तर हे पत्र. चिंटू, तू आजीला मोठ्याने वाचून दाखव, तिच्या डाव्या कानाशी. मध्ये जिथे बाबांसाठी लिहिलंय ते वगळलंस तरी चालेल. शेवटचं मात्र वगळू नकोस.

मी मजेत आहे. तब्येत चांगली, वजन कमी झालेलं नाही. फोनवर चेहरा ओढलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे. माझं रोजचं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही. थंडी अजून तशी काही नाही, पाच-सहा डिग्री असते. खाडीकाठचं गाव म्हणून थोडी ओली असते एवढंच. चार वाजून दहा मिनिटांनी सूर्य मावळतो हे खरं, पण अंधार म्हणजे भीती असं इथे नाही. सायकलला पुढे-मागे दिवे आहेत, अंगात चमकणारं जाकीट असतं, आणि सायकलींचा रस्ता वेगळा आहे. आई, मी रात्री एकटी येते म्हणजे एकटी नसते गं, माझ्यासारखी आणखी दहा-बारा माणसं त्या रस्त्याने येत असतात. मला आता इथे फावतं. खरंच फावतं.

तो केशरी सूट घालून पाण्यात तरंगणारा फोटो मी पाठवायला नको होता. तू दोन दिवस नीट जेवली नाहीस असं चिंटूने सांगितलं. अगं, तो समुद्र नव्हता, प्रशिक्षणाचा तलाव होता, कडेला चार माणसं उभी होती. पवनचक्कीवर ज्याला चढायचंय त्याला हे प्रशिक्षण घ्यावंच लागतं. उंचीवर काम कसं करायचं, आग लागली तर काय, प्रथमोपचार, वजन उचलताना पाठ कशी सांभाळायची आणि समुद्रात पडलं तर काय. त्याचं प्रमाणपत्र दोन वर्षंच चालतं, मग परत यायचं. इतकी काळजी घेतात म्हणून तर फोटो पाठवला होता, तुला बरं वाटेल म्हणून. मी प्रत्यक्ष चढले एकदाच, जूनमध्ये. आत लिफ्ट असते. वरचा थोडा भाग शिडी, आणि पट्ट्याला दोन आकडे असतात, एक सोडायचा तर दुसरा अडकवलेला असलाच पाहिजे. वरून दोन्हीकडे पाणी दिसत होतं आणि बाबांची आठवण आली, कारण पोलवर चढतानाचा तुमचा पट्टा आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं होता. पण एरवी माझं काम, पवनचक्कीच्या पात्यांच्या चाचणीचं, जमिनीवरचंच, मोठ्या हॉलमध्ये.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंत, पात्यावरचा ताण मोजायला साधी स्ट्रेन गेज, म्हणजे ती पत्र्याची पट्टी, चिकटवून तारा काढायच्या, त्यात एवढं कसलं संशोधन? फोनवर मी जरा तुटकच बोलले, आई बाजूला बसली होती आणि कॉल कापला जात होता. नीट सांगते.

आजकालची पाती किती लांब असतात बघा. इथे उत्तरेला मोठ्या चक्क्यांचं चाचणी केंद्र आहे, तिथे १५ मेगावॅटची चक्की उभी आहे, तिचं एक पातं ११५.५ मीटरचं. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, तरी उरेल. तुमची पहिली नेमणूक जामनगरकडे होती तेव्हा ओख्याला तुम्ही ज्या चक्क्या बघितल्या, १९८६ च्या, त्या डॅनिशच होत्या, ५५ किलोवॅटच्या. म्हणजे ही एक चक्की त्या पावणेतीनशे चक्क्यांइतकी. तुम्ही मला लहानपणी सांगायचात, समुद्राकडून वारा आला की त्या कशा गुरगुरायच्या ते. इथे पहिल्या दिवशी आमच्या प्रोफेसरबाईंनी विचारलं, पवनचक्की पहिल्यांदा कधी पाहिलीस? मी म्हटलं, वडिलांच्या गोष्टीत.

तर एवढं लांब पातं काचेच्या धाग्यांचं आणि इपॉक्सीचं, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड. ते वीस-पंचवीस वर्षांत कोट्यवधी वेळा वाकतं आणि सरळ होतं. पत्र्याची गेज इतके हेलकावे सहन करत नाही, तिचा पत्राच थकतो. शिवाय पात्यातून तांब्याची तार नेली की आभाळातल्या विजेला आयतंच आमंत्रण. तुम्हाला हे सांगायला नको. म्हणून आम्ही तांबं काढून टाकलं आणि काच घातली. काचेचा एक तंतू, केसाहून थोडा जाड, मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या गाभ्यात लेझरने अगदी जवळजवळ, ठराविक अंतरावर रेघा कोरलेल्या असतात. आतून प्रकाश सोडला की त्या रेघा एकच रंग परत पाठवतात, बाकीचा पुढे जाऊ देतात. पातं वाकलं, तंतू ताणला गेला, की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारा रंग, म्हणजे त्याची तरंगलांबी, किंचित सरकतो. किती? दशलक्षात एक भाग ताण आला तर साधारण १.२ पिकोमीटर, पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग. एका तंतूवर अशा कितीतरी जागा, प्रत्येकीचा रंग वेगळा, त्यामुळे एकाच तंतूवरून अख्ख्या पात्याची खबर मिळते. ज्या नियमावर हे चालतं तो ब्रॅगचा. बाबा, ब्रॅग हे वडील आणि मुलगा दोघं होते. १९१५ सालचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

हे तंतू जोडायचं काम आमच्या गटात मी सगळ्यांत बरं करते. वरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, हिऱ्याच्या पात्याने टोक सरळ छाटायचं, मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवून ठिणगीने वितळवायची. काळ्या कापडावर काम करायचं, कारण छाटलेला तुकडा दिसत नाही आणि बोटात गेला तर निघत नाही. आजी, तू फुलवाती वळताना बोटं कोरडी राहावीत म्हणून भस्म लावायचीस, आणि कापूस ओढायची नाहीस, सोडत जायचीस. मी तंतू तसाच धरते. इथल्या मुलांना शिकवताना मला "सोडत जा" यासाठी नेमका शब्द सापडत नाही, मग हात धरून दाखवते.

आता दिवाळीचं. मी तुम्हाला फोनवर "काम निघालं" एवढंच सांगितलं. खरं काय झालं ते कोणाला सांगायचं धैर्य नव्हतं, आज लिहिते.

ऑगस्टच्या मध्यापासून आमच्या हॉलमध्ये २५ मीटरच्या पात्याची थकवा-चाचणी चालू होती. पात्याचं बूड भिंतीला बोल्टांनी जखडायचं आणि टोक हलवत ठेवायचं, सेकंदाला एकदाच्या आसपास, रात्रंदिवस. सहा आठवड्यांत तीस लाखांहून जास्त हेलकावे झाले. तंतूंची जबाबदारी माझी. आता यात एक गोम अशी की तंतूला ताणही कळतो आणि तापमानही कळतं, आणि दोन्हीतला फरक त्याला सांगता येत नाही. एक डिग्री तापमान वाढलं की रंग साधारण दहा पिकोमीटर सरकतो, म्हणजे दशलक्षात आठ भाग ताण आल्यासारखं दिसतं. म्हणून शेजारी एक दुसरा तंतू बारीक नळीत मोकळा सोडायचा. त्याला ताण बसत नाही, फक्त ऊन-थंडी कळते. त्याचं माप वजा केलं की उरतो तो खरा ताण.

तो मोकळा तंतू मोकळा नव्हता. दसऱ्याच्या दिवशी कळलं, २ ऑक्टोबरला. सकाळी मी हॉलच्या दारावर आंब्याच्या पानांऐवजी मेपलची पानं लावली होती, यंत्राला हळदकुंकू वाहिलं होतं, तंत्रज्ञ आजोबांनी कौतुकाने फोटोही काढला. दुपारी आकडे बघताना लक्षात आलं की त्या तंतूच्या रेषेत एक बारीक थरथर आहे. सेकंदाला एकदा. पात्याच्या हेलकाव्याबरोबर. तापमान काही सेकंदाला एकदा बदलत नाही. मागे जाऊन पाहिलं तर ती थरथर पहिल्या दिवसापासून होती, मी तिला गोंगाट समजून आकडे गुळगुळीत करून घेत होते. तंत्रज्ञ आजोबांनी नळी कापून उघडली. आत रेझिनचा एक थेंब होता, मोहरीएवढा. चिकटवताना नळीच्या तोंडातून आत झिरपला होता आणि तंतूला धरून बसला होता. तो थेंब माझ्या हातचा.

सहा आठवड्यांचं मोजमाप वाया गेलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं. पाय कापत होते. प्रोफेसरबाई म्हणाल्या, सापडलं ते बरं झालं, हे जसं घडलं तसं लिहून काढ, पुढच्यांना उपयोगी पडेल. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. पण नव्याने तंतू लावून चाचणी परत सुरू करायची होती, आणि ते मी सोडून दुसऱ्या कोणी करावं असं मलाच वाटेना. १६ तारखेचं तिकीट रद्द केलं. पाडव्याला चिंटूचा साखरपुडा झाला आणि मी तो हॉलच्या पायऱ्यांवर बसून फोनवर पाहिला. मागे पातं हलत होतं, त्याचा आवाज तुम्हाला येत होता. आई म्हणाली, "कसला गं आवाज, कोणी झोपाळ्यावर बसलंय का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. ऋचाची अबोली रंगाची साडी फार सुंदर दिसत होती. चिंटू, तिला सांग, मी स्वतः यायला हवं होतं.

नवी चाचणी सुरू होऊन आता काही आठवडे झाले. मोकळा तंतू मोकळा आहे. मी रोज सकाळी आधी त्याचीच रेषा बघते.

बाबा, तुमचा दुसरा प्रश्न, वारा पडला की हे काय करतात? या देशात आता वर्षभरातली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची असते, पण वारा काही यांच्या हुकमात नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर ग्रीड मोठी केली. समुद्राखालून डीसी केबल टाकून नॉर्वेशी जोडून घेतलं, पहिल्या केबल १९७६-७७ च्या. वारा भरपूर असला की वीज तिकडे विकायची, ते आपलं धरणाचं पाणी राखून ठेवतात. वारा पडला की त्यांचं पाणी इकडे दिवे लावतं. आणि हे सगळं हौसेने नाही झालं. १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा हा देश जवळजवळ सगळा आयात तेलावर चालत होता. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर एका शाळेतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून २ मेगावॅटची चक्की स्वतः बांधली, तीन वर्षं लागली, १९७८ मध्ये सुरू झाली. ती अजून उभी आहे. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, आस्कोव नावाच्या खेड्यात पाउल ला कूर नावाच्या शिक्षकाने वाऱ्यावर वीज केली, त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवला आणि शाळेत दिवे लावले. सयाजीरावांनी बडोद्याला कलाभवन, म्हणजे आपलं तंत्रशिक्षणाचं कॉलेज, काढलं ते १८९० साली. एका वर्षाचं अंतर! मी कलाभवनात शिकले हे सांगताना इथे मी हे आवर्जून सांगते. बडोदं कुठे आहे हे माहीत नसलेली माणसंही मग नीट ऐकतात.

आजी, आता तुझ्यासाठी एक गंमत. इथे आभाराला "ताक" म्हणतात. जवळजवळ आपल्या ताकासारखंच. तू फोनवर एकदा ऐकून विचारलंस ना, सारखं ताक काय मागतात ही माणसं? मागत नाहीत, देतात. आणि यांचा एक आभार असा आहे की तो समजायला मला वर्ष लागलं. "ताक फॉर सिस्त". म्हणजे, मागच्या वेळेबद्दल आभार. आपण कोणाकडे जेवायला गेलो, निघताना धन्यवाद म्हटलं, झालं की नाही? नाही. त्या माणसाची पुन्हा जेव्हा गाठ पडेल, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, बाजारात किंवा ऑफिसच्या जिन्यात, तेव्हा पहिलं वाक्य हे. कशा आहात, पाऊस किती, हे सगळं नंतर. पत्र लिहिलं, मेल लिहिली तरी पहिल्या ओळीत हेच. रोज भेटणाऱ्याला म्हणायचं नाही, पण त्याच रोजच्या माणसाबरोबर शनिवारी जेवलात तर सोमवारी म्हणायचं. ज्याने जेवायला घातलं तोही म्हणतो, आणि जो जेवला तोही. म्हणजे कोण कोणाचे आभार मानतंय असा प्रश्न पडतो. मी तंत्रज्ञ आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, जेवणाचे नाहीत गं, त्या वेळेचे. आपण दोघं तिथे होतो, मला आठवतंय, एवढं सांगायचं असतं.

मला हे माहीत नव्हतं तेव्हा चूक झाली होती. प्रोफेसरबाईंनी पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांना घरी बोलावलं होतं, बागेत, नवे बटाटे आणि मासे, माझ्यासाठी वेगळी वांगी भाजली होती. मग सुट्ट्या लागल्या. ऑगस्टमध्ये भेटल्या तर मी थेट आकड्यांवरच सुरू झाले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त अर्धा क्षण थांबल्या. ते थांबणं माझ्या लक्षात आलं आणि कारण मात्र कळलं नाही. आपल्याकडे आभार मानले की "परकं करू नकोस" म्हणतात. घरच्यांचे आभार मानायचे नसतात हेच मी शिकले. पण मला आता वाटतं, या पत्राची पहिली ओळ तीच हवी होती. म्हणून इथे लिहिते.

जानेवारीबद्दल ताक. उत्तरायणला बाबांनी गच्चीवर सहा तास फिरकी धरली, एकदाही बसले नाहीत. आईने उंधियुं केलं आणि मेथीचे मुठिये माझ्यासाठी वेगळे काढून ठेवले. आजीने तिळगूळ देताना नेहमीसारखं "गोड बोल" म्हटलं नाही, "गोड राहा" म्हटलं. मी बारा दिवस होते आणि त्यातले तीन लॅपटॉपसमोर काढले. स्टेशनवर बाबा खिडकीतून काहीतरी सांगत होते आणि मी फोनवर होते. गाडी सुटली. मी अजून विचारलेलं नाही, बाबा, तुम्ही काय सांगत होतात.

आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टचंही मला बोलायचंय, ज्याबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा मी उत्तरेच्या चाचणी केंद्रावर होते, तुमचे फोन लागत नव्हते आणि बातम्यांत कारेलीबागेतून मगरी चाललेल्या दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काही नाही गं, थोडं पाणी आलं होतं." पाणी ओट्यापर्यंत होतं हे मला नीताबेनच्या मुलीच्या व्हिडिओवरून कळलं. त्या व्हिडिओत गच्चीवर दोरीला पत्रं वाळत घातली होती. आजोबांची, ते भावनगरला होते तेव्हाची, निळी आंतर्देशीय, कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली. शाई सगळी उतरून कागद आकाशी झाले होते. आजी तिथे पाटावर बसून प्रत्येक कागद उन्हाकडे धरून बघत होती, काही वाचता येतंय का. मी ते कितीदा पाहिलं ते सांगत नाही.

एवढं शिकून परक्या देशातल्या वाऱ्याच्या कामी, असं आत्या म्हणाली ते मला लागलं. पण हे काम फक्त वाऱ्याचं नाही. हाच तंतू नदीच्या बंधाऱ्यात लांबवर पुरला तर पाणी कुठून झिरपतंय हे तापमानावरून कळतं, हॉलंड-जर्मनीत ते करतात. त्यात प्रकाशाची जी विखुरणी वापरतात ती आपल्या रामनसाहेबांनी १९२८ साली दाखवलेली. मी ते शिकतेय. घरी उपयोगी पडेल असंच शिकतेय.

आता पैशांचं. शुक्रवारी दीड लाख बाबांच्या खात्यात टाकलेत. कृपा करून त्यांची माझ्या नावाने एफडी करू नका. बाबांनी मीटर आणि मेनबोर्ड पाच फुटांवर घेतला ते उत्तम, पण आजीची खोली वर हलवायलाच हवी, बाथरूमसकट. उरलेल्यात गच्चीवर ३ किलोवॅटची सोलार बसवा, केंद्राच्या योजनेत तिला ७८,००० रुपये सबसिडी आहे. बाबा, तुम्ही म्हणाल की लाइन गेली की सोलारही बंद पडतं, मग पुरात काय उपयोग? खरंय, बंद लाइनीत आपली वीज जाऊ नये म्हणून, तुमच्याच लाइनमनच्या जिवासाठी ते बंद पडतं. म्हणून बॅटरीही घ्या, आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर. बॅटरीचे मी पुढच्या महिन्यात पाठवते. आम्हाला कालव्यावरचे सोलार दाखवायला कॉलेजने नेलं होतं, २०१५ साली, नवीनच सुरू झाले होते तेव्हा. घरी येऊन मी तासभर बोलत होते आणि तुम्ही म्हणालात, आधी आपल्या गच्चीवर लाव मग सांग. दहा वर्षं झाली.

लग्नाच्या हॉलचं माझ्याकडे. चिंटूने त्यावर वाद घालू नये. फेब्रुवारीला मी १८ दिवस येतेय, तिकीट काढलंय, आणि हे रद्द होणार नाही. लॅपटॉप आणणार नाही असं सांगत नाही, पण उघडणार नाही.

आई, पुण्याच्या मामीवर रागावू नकोस. ते हिंजवडीचं स्थळ, त्यांचा मुलगा आणि मी, आमचं आमचं बोलणं झालं. त्यानेच फोन केला होता, तासभर बोललो. चांगला आहे गं, अगदी चांगला. त्याला आई-वडिलांना सोडून पुण्याबाहेर जायचं नाही, आणि ते त्याने सरळ सांगितलं. मला हे काम आत्ता सोडायचं नाही, हे मी सरळ सांगितलं. दोघांनाही बरं वाटलं. नाही म्हणायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, त्यात मामीचा काही दोष नाही आणि पत्रिकेचाही नाही. लग्न करणारच नाही असं मी म्हणत नाहीये. तुझी झोप उडू नये म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि शेवटचं, जे फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि जमलं नाही. मी दोन वर्षं म्हणून आले होते, ती या फेब्रुवारीत भरतात. विद्यापीठाने मुदत दीड वर्षाने वाढवून दिलीय, ऑगस्ट २०२७ पर्यंत. मी गेल्या आठवड्यात सही केली. तुम्हाला विचारून करायला हवी होती. विचारलं असतं तर बाबा "कर" म्हणाले असते आणि मग दोन दिवस कमाटी बागेत फिरायला गेले नसते, हे मला माहीत आहे. म्हणून विचारलं नाही. ते चुकलं. दरवर्षी दोनदा येईन. ऑगस्ट २०२७ नंतर बडोद्याला किंवा निदान गांधीनगरला काही मिळतंय का हे मी आत्तापासून बघतेय, दोन ठिकाणी लिहिलंही आहे.

बाबा, बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे काढ, फेब्रुवारीची वाट बघू नकोस. चिंटू, लग्नाच्या याद्या मला पाठव, मी इथून फोन करते सगळ्यांना.

आजी, डब्यात ठेवण्याआधी हे पत्र हातात घेऊन बघ. अक्षर फिकट दिसेल. मुद्दाम पेन्सिलीने लिहिलंय, म्हणजे पाण्यात उतरणार नाही.

तुमची,
मनू